वॉल्टर गिल्बर्ट : विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून जैवतंत्रज्ञान उद्योगाकडे

अमेरिकन रेणवीय जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट हे १९८० च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी आणि बायोजेन या जैवतंत्रज्ञान कंपनीचे सहसंस्थापक म्हणून ओळखले जातात. डीएनएच्या रेणूतील घटकांचा क्रम वाचण्याची रासायनिक पद्धत त्यांनी ॲलन मॅक्सम यांच्यासह विकसित केली. नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापकपदाचा राजीनामा देऊन कंपनीची सूत्रे पूर्णवेळ स्वीकारली. तीन वर्षांनी ते पुन्हा विद्यापीठात परतले.

विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञाने कंपनी काढणे आज नवलाचे राहिलेले नाही. गिल्बर्ट यांनी हा मार्ग धरला तेव्हा मात्र त्यासाठी नियम नव्हते, संकेत नव्हते आणि यशाची खात्रीही नव्हती. ज्ञानाचा शोध आणि त्या ज्ञानाचा व्यापार या दोहोंचे हिशेब किती वेगळे असतात, हे त्यांच्या कारकिर्दीवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य कोणाच्या कारकिर्दीवरून होत असेल.

सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचा पाया

गिल्बर्ट यांचा जन्म २१ मार्च १९३२ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात झाला. त्यांचे वडील रिचर्ड गिल्बर्ट हे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ होते, तर आई एमा या बालमानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. मुलांचे सुरुवातीचे शिक्षण आईने घरीच केले. १९३९ मध्ये हे कुटुंब वॉशिंग्टन येथे स्थायिक झाले. शालेय जीवनाच्या अखेरच्या वर्षी वॉल्टर वर्ग बुडवून तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयात भौतिकीची पुस्तके वाचत बसत असत.

हार्वर्डमधून पदवी व पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यावर ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते अब्दुस सलाम. अविभाजित भारतातील झंग येथे वाढलेल्या आणि लाहोरला शिकलेल्या सलाम यांना पुढे १९७९ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

१९५७ मध्ये पीएच.डी. मिळवून गिल्बर्ट हार्वर्डला परतले आणि १९५९ पासून तेथे पदार्थविज्ञान शिकवू लागले. मूलकण सिद्धांतात त्यांचे स्थान नगण्य नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी सममितीभंगासंबंधी एक आक्षेप मांडला. त्याला उत्तर देण्याच्या प्रयत्नातूनच पीटर हिग्ज यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. याच विषयावर काम करणारे जेराल्ड गुरालनिक हे हार्वर्डमध्ये गिल्बर्ट यांचेच विद्यार्थी होते.

जीवशास्त्राकडे वळण

केंब्रिजमध्ये असताना गिल्बर्ट यांची जेम्स वॉटसन यांच्याशी मैत्री झाली होती. डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचे सहसंशोधक असलेले वॉटसन नंतर हार्वर्डमध्येच प्राध्यापक झाले. १९६० च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत सुरू असलेल्या कामाची माहिती गिल्बर्ट यांना दिली. डीएनएमधील संदेश पेशीतील प्रथिननिर्मितीच्या ठिकाणी पोहोचवणारा अल्पायुषी आरएनए शोधणे, हे त्या कामाचे उद्दिष्ट होते. कुतूहल म्हणून सहभागी झालेले गिल्बर्ट त्यात रमले. वॉटसन, फ्रान्स्वा ग्रो आणि त्यांच्या गटाचा या संदेशवाहक आरएनएवरील निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये गिल्बर्ट जैवभौतिकीचे सहयोगी प्राध्यापक झाले आणि १९६८ मध्ये त्यांची जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली.

जनुके चालू आणि बंद कशी होतात, हा त्या काळातील एक कळीचा प्रश्न होता. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी असे प्रतिपादन केले होते की, जनुकाचे काम थांबवणारा एखादा नियंत्रक रेणू, म्हणजे रिप्रेसर, पेशीत असला पाहिजे. मात्र तो कोणीही पाहिलेला नव्हता. इ. कोलाय या जीवाणूच्या एका पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू असतात, त्यामुळे तो वेगळा काढणे अतिशय कठीण होते. गिल्बर्ट आणि जर्मन शास्त्रज्ञ बेन्नो म्युलर-हिल यांनी या रिप्रेसरला चिकटणाऱ्या किरणोत्सारी रेणूचा मागोवा घेत १९६६ मध्ये तो वेगळा केला. तो एक प्रथिन आहे आणि डीएनएच्या ठरावीक भागावर बसून तो जनुकाचे काम रोखतो, हे त्यानंतर सिद्ध झाले.

डीएनएची अक्षरे वाचण्याची पद्धत

रिप्रेसर डीएनएच्या नेमक्या कोणत्या भागावर बसतो, हा पुढचा प्रश्न होता. तो भाग अवघ्या २४ अक्षरांचा निघाला. ही २४ अक्षरे वाचण्यास गिल्बर्ट आणि मॅक्सम यांना सुमारे दोन वर्षे लागली. म्हणजे महिन्याला एक अक्षर एवढाच वेग होता. १९७३ मध्ये त्यांनी तो क्रम प्रसिद्ध केला.

१९७५ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई मिर्झाबेकॉव्ह यांनी त्यांच्या प्रयोगशाळेला भेट दिली. त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून एका रासायनिक युक्तीची कल्पना पुढे आली. डीएनएच्या तुकड्याच्या एका टोकाला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण करायची, नंतर विशिष्ट रसायनांच्या साहाय्याने तो ठरावीक अक्षरांच्या ठिकाणी तोडायचा आणि मिळालेले तुकडे लांबीनुसार जेलमध्ये वेगळे करायचे, अशी ही पद्धत होती. क्ष-किरण फिल्मवर उमटणाऱ्या काळ्या रेघांच्या शिडीवरून अक्षरांचा क्रम सरळ वाचता येई. १९७७ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर वर्षांचे काम दिवसांत होऊ लागले.

त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी विकरांवर आधारित वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. विषारी रसायनांचा कमी वापर आणि यंत्राद्वारे काम करण्याची सोय यांमुळे पुढे सँगर यांचीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. १९८० च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग पॉल बर्ग यांना आणि उरलेला अर्धा भाग गिल्बर्ट व सँगर यांना विभागून देण्यात आला.

प्रगत जीवांची जनुके सलग नसून मध्ये मध्ये निरर्थक वाटणाऱ्या भागांनी तुटलेली असतात, असे १९७७ मध्ये आढळून आले होते. अशा भागांना ‘इंट्रॉन’ आणि अर्थपूर्ण भागांना ‘एक्झॉन’ ही नावे गिल्बर्ट यांनी १९७८ मधील एका छोट्या टिपणात दिली. आज ती पाठ्यपुस्तकांत रुळलेली आहेत.

केंब्रिज शहरातील वाद

एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात बसवण्याचे तंत्र १९७३ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. त्याचबरोबर त्याच्या सुरक्षिततेविषयी शंकाही उपस्थित होऊ लागल्या. हार्वर्ड विद्यापीठ मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या शहरात आहे. तेथे अशा प्रयोगांसाठी विशेष प्रयोगशाळा उभारण्याचा विद्यापीठाचा प्रस्ताव जाहीर होताच महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी १९७६ च्या उन्हाळ्यात नगरसभेत जाहीर सुनावणी घेतली. स्वतः नोबेल मानकरी असलेले हार्वर्डचे जॉर्ज वॉल्ड यांनी प्रयोगांना विरोध केला, तर त्यांच्याच विद्यापीठातील अन्य शास्त्रज्ञांनी समर्थन केले. नगरसभेने अधिक जोखमीच्या प्रयोगांना तात्पुरती स्थगिती दिली आणि सामान्य नागरिकांची एक समिती नेमली.

या समितीने अनेक महिने साक्षी ऐकून सुरक्षेच्या अटींसह प्रयोगांना परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. त्यानुसार फेब्रुवारी १९७७ मध्ये शहराने नियम केले. अडथळा वाटलेल्या या नियमांचा पुढे उद्योगांना लाभच झाला. काय चालते आणि काय चालत नाही हे आधीच ठरलेले असल्याने कंपन्यांना तेथे निर्धास्तपणे गुंतवणूक करता आली. बायोजेन कंपनीही १९८२ मध्ये याच शहरात आली.

इन्सुलिनची शर्यत

मधुमेहाच्या रुग्णांना लागणारे इन्सुलिन त्या काळी डुक्कर आणि गाय-बैलांच्या स्वादुपिंडापासून काढले जात असे. जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेता आले तर त्याचा पुरवठा कत्तलखान्यांवर अवलंबून राहणार नव्हता. कॅलिफोर्नियातील दोन आणि हार्वर्डमधील गिल्बर्ट यांचा एक असे तीन गट या कामी स्पर्धेत उतरले.

गिल्बर्ट यांच्या गटाने १९७८ मध्ये उंदराचे प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनचे पूर्वरूप, जीवाणूंकडून तयार करून घेण्यात यश मिळवले. लिडिया व्हिला-कोमारॉफ या निबंधाच्या प्रथम लेखिका होत्या. मात्र मानवी जनुक हाताळण्यासाठी अमेरिकेतील नियमांनुसार सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आवश्यक होती आणि ती त्यांना उपलब्ध नव्हती. म्हणून सप्टेंबर १९७८ मध्ये हा गट इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथे गेला. एके काळी जैविक युद्धाच्या संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी कडेकोट बंदोबस्तात त्यांनी काही आठवडे काम केले. अखेरीस जीवाणूंमध्ये मानवी नव्हे, तर उंदराचेच जनुक शिरल्याचे उघड झाले. नमुन्यात भेसळ झाली होती.

तोपर्यंत स्पर्धेचा निकाल लागला होता. ६ सप्टेंबर १९७८ रोजी जेनेनटेक या कंपनीने मानवी इन्सुलिन तयार केल्याची घोषणा केली. जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर आणि गुंतवणूक क्षेत्रातील रॉबर्ट स्वान्सन यांनी १९७६ मध्ये ही कंपनी स्थापन केली होती. कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या वैद्यकीय केंद्राच्या सहकार्याने तिने मानवी पेशीतून जनुक न घेता ते प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवले होते. अशा कृत्रिम जनुकाला ते कडक नियम लागू नव्हते. एली लिली या औषध कंपनीने बनवलेल्या या इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली.

बायोजेनची स्थापना

इन्सुलिनची ही स्पर्धा सुरू असतानाच, १९७८ मध्ये, बायोजेनचा जन्म झाला. खाणउद्योगातील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या जोखीम भांडवल विभागातील मंडळींनी युरोप व अमेरिकेतील नामवंत रेणवीय जीवशास्त्रज्ञांना स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आणले. गिल्बर्ट, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे फिलिप शार्प, झुरिकचे चार्ल्स वाइसमान, एडिनबरोचे केनेथ मरे आणि हायडेलबर्गचे हाइन्झ शॅलर हे त्यांपैकी प्रमुख होत. कंपनीचे केंद्र जिनिव्हा येथे होते. संशोधनाची दिशा शास्त्रज्ञांच्या मंडळाने ठरवावी अशी रचना करण्यात आली आणि या मंडळाचे अध्यक्षपद गिल्बर्ट यांच्याकडे आले.

कंपनीला पहिले मोठे यश झुरिकमध्ये मिळाले. विषाणूंच्या संसर्गाला प्रतिकार करण्यासाठी शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिने तयार करते. कर्करोगावरही ती उपयोगी पडतील अशी त्या काळी मोठी आशा होती, परंतु मानवी रक्तातून ती अत्यल्प प्रमाणात मिळत. वाइसमान यांच्या गटाने १९७९ च्या अखेरीस मानवी इंटरफेरॉनचे जनुक जीवाणूंमध्ये बसवून ते प्रथिन मिळवले. १६ जानेवारी १९८० रोजी बॉस्टन येथे पत्रकार परिषद घेऊन ही घोषणा करण्यात आली. वैज्ञानिक नियतकालिकात निबंध येण्यापूर्वी पत्रकारांना निकाल सांगण्याच्या या पद्धतीवर शास्त्रज्ञांच्या वर्तुळात टीका झाली. शेअर बाजारात मात्र बायोजेनमध्ये गुंतवणूक केलेल्या शेरिंग-प्लाउ या कंपनीचे समभाग वधारले. या कंपनीच्या इंटरफेरॉनला १९८६ मध्ये एका दुर्मीळ रक्तकर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली.

१९८० : निर्णायक वर्ष

जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या इतिहासात १९८० हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. १६ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला की, मानवाने घडवलेल्या सजीवाचे पेटंट घेता येते. हा दावा जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तयार केलेल्या, कच्च्या तेलाचे विघटन करणाऱ्या जीवाणूसंबंधी होता. १४ ऑक्टोबर रोजी जेनेनटेकचे समभाग प्रथमच बाजारात आले. ३५ डॉलरना विकला गेलेला समभाग तासाभरात ८० डॉलरच्या पुढे गेला. गिल्बर्ट, सँगर आणि बर्ग यांच्या नोबेल पारितोषिकाची घोषणाही त्याच दिवशी झाली. डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या बे-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना आपल्याकडे ठेवण्याची मुभा दिली.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठाने स्वतः एका जैवतंत्रज्ञान कंपनीत भागीदारी घ्यावी, असा प्रस्ताव अध्यक्ष डेरेक बॉक यांच्यासमोर होता. विद्यापीठच मालक झाले तर प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणवत्तेवर ठरतील की नफ्यावर, असा प्रश्न अध्यापकांनी उपस्थित केला. नोव्हेंबर १९८० मध्ये बॉक यांनी तो प्रस्ताव बाजूला ठेवला. विद्यापीठाने न स्वीकारलेली वाट आता प्राध्यापकांनी व्यक्तिशः धरायची होती.

प्राध्यापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी

१९८१ मध्ये गिल्बर्ट यांनी बायोजेनच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची जबाबदारी घेतली. पूर्णवेळ प्राध्यापकपद आणि कंपनीचे प्रमुखपद एकाच वेळी सांभाळणे हार्वर्डच्या नियमांत बसणारे नव्हते. त्यामुळे १९८२ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला. नोबेल मानकरी शास्त्रज्ञाने अशा रीतीने कायम स्वरूपाची नोकरी सोडणे ही त्या काळी अपूर्व घटना होती.

मार्च १९८३ मध्ये बायोजेनने समभागविक्रीतून ५ कोटी ७५ लाख डॉलर उभे केले. मात्र पैसा येण्यापेक्षा जाण्याचा वेग अधिक होता. युरोप आणि अमेरिका अशा दोन खंडांत प्रयोगशाळा चालवणे खर्चिक ठरत होते. संशोधनाचे विषय अनेक होते. त्यांतील बहुतेक विषय वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचे असले तरी बाजारात विकण्याजोगे स्वतःचे औषध एकही तयार नव्हते. औषधनिर्मितीचे हक्क मोठ्या कंपन्यांना देऊन त्यांच्याकडून स्वामित्वशुल्क घ्यायचे, हे धोरण होते. पण ते शुल्क हाती पडण्यास अद्याप अवकाश होता.

विद्यापीठातील प्रयोगशाळेत प्रश्न जितके अधिक तितके चांगले मानले जाते. एखादी दिशा फसली तरी त्यातून ज्ञानच मिळते. कंपनीत मात्र प्रत्येक दिशेला खर्चाचा आकडा आणि मुदत जोडलेली असते. कोणते काम करायचे नाही हे ठरवणे प्रमुखाला चुकत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये तोटा वाढत असताना गिल्बर्ट यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले.

त्यांच्या जागी आलेले जेम्स व्हिन्सेंट हे व्यवस्थापनातील अनुभवी अधिकारी होते, शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी जिनिव्हा येथील प्रयोगशाळा विकली, प्रकल्पांची संख्या कमी केली आणि स्वामित्वशुल्काच्या करारांवर लक्ष केंद्रित केले. कंपनी तगली. मात्र तिला तारणारे इंटरफेरॉन व हेपॅटायटिस-बी लसीचे हक्क हे संस्थापक शास्त्रज्ञांच्या काळातील संशोधनाचेच फळ होते. १९९६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारावरील ॲव्होनेक्स हे औषध बायोजेनने स्वतः बाजारात आणले. तेव्हा कंपनीच्या स्थापनेला १८ वर्षे झाली होती.

विद्यापीठात पुनरागमन आणि जनुकसंच प्रकल्प

गिल्बर्ट १९८५ मध्ये हार्वर्डला परतले. १९८७ मध्ये त्यांना तेथील कार्ल एम. लोब युनिव्हर्सिटी प्रोफेसर हे मानाचे पद मिळाले. दरम्यान १९८६ मध्ये त्यांनी ‘आरएनए विश्व’ ही संज्ञा रूढ केली. जीवसृष्टीच्या आरंभी डीएनए व प्रथिने नसताना आरएनएचे रेणूच माहिती साठवण्याचे आणि रासायनिक क्रिया घडवण्याचे अशी दोन्ही कामे करीत असावेत, अशी ही कल्पना आहे.

मानवाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करावे, या विचाराचे ते आरंभापासूनचे पुरस्कर्ते होते. जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत. अक्षरामागे एक डॉलर धरला तर ३ अब्ज डॉलर खर्च येईल, असा हिशेब त्यांनी १९८६ मधील बैठकांमध्ये मांडला. इतका पैसा एका प्रकल्पावर घातल्यास लहान प्रयोगशाळांचे अनुदान आटेल, अशी भीती अनेक जीवशास्त्रज्ञांना वाटत होती. या प्रश्नावर विचार करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीत गिल्बर्टही होते.

१९८७ मध्ये मात्र त्यांनी जनुकसंच वाचून त्याची माहिती शुल्क आकारून देणारी ‘जीनोम कॉर्पोरेशन’ ही खासगी कंपनी काढण्याचे ठरवले. हितसंबंधांचा संघर्ष टाळण्यासाठी त्यांना समितीतून बाहेर पडावे लागले. मानवाच्या जनुकसंचावर कोणाचा मालकी हक्क असू शकतो का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. त्यावर चर्चा रंगण्यापूर्वीच ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि कंपनीसाठी भांडवल उभे राहिले नाही. पुढे १९९० मध्ये हा प्रकल्प सार्वजनिक निधीतून सुरू झाला. त्यातील माहिती २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुली करावी, हे तत्त्व सहभागी संस्थांनी १९९६ मध्ये स्वीकारले. एप्रिल २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मायरियाड आणि जनुकांचे पेटंट

मालकीचा प्रश्न गिल्बर्ट यांच्या आणखी एका उपक्रमातून पुन्हा पुढे आला. १९९१ मध्ये युटा राज्यात स्थापन झालेल्या मायरियाड जेनेटिक्स या कंपनीचे ते सहसंस्थापक होते. स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका दर्शवणाऱ्या ‘बीआरसीए’ जनुकांची ओळख पटवण्यात या कंपनीने आघाडी घेतली आणि त्यांची पेटंटे मिळवली. त्यामुळे अमेरिकेत या जनुकांची चाचणी अनेक वर्षे एकट्या मायरियाडकडेच करून घ्यावी लागे. एखाद्या स्त्रीला आपल्या चाचणीचा निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेतून पडताळून पाहण्याचीही सोय राहिली नव्हती.

डॉक्टर, संशोधक आणि रुग्ण यांनी या पेटंटांना न्यायालयात आव्हान दिले. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, निसर्गात आढळणारा डीएनए केवळ वेगळा काढला म्हणून त्याचे पेटंट घेता येणार नाही. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पूरक डीएनएचे मात्र घेता येईल. १९८० च्या चक्रवर्ती निकालाने उद्योगासाठी उघडलेल्या दाराला या निकालाने मर्यादा घातली. भारताच्या पेटंट कायद्यातही निसर्गात आढळणाऱ्या सजीव वा निर्जीव पदार्थाच्या केवळ शोधाला पेटंट न देण्याची तरतूद आहे.

भारतीय संदर्भ

बायोजेनच्या संस्थापकांपैकी केनेथ मरे यांनी हेपॅटायटिस-बी विषाणूची जनुके जीवाणूंमध्ये बसवण्याचे काम केले. जनुकतंत्राने बनवलेल्या लसींचा मार्ग अशा संशोधनातून खुला झाला. या लसी १९८६ पासून बाजारात आल्या, परंतु त्यांच्या किमती भारतासारख्या देशातील सामान्य कुटुंबांना परवडणाऱ्या नव्हत्या. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने देशी बनावटीची ‘शानव्हॅक-बी’ ही लस कितीतरी कमी किमतीत उपलब्ध केली. २०११ पासून हेपॅटायटिस-बी लस देशभरातील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचा भाग झाली. एखादा शोध विद्यापीठातून कंपनीत आणि कंपनीतून बालकापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हे या क्रमावरून दिसते.

केंद्र सरकारने १९८६ मध्ये स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. सरकारी संशोधन संस्थांतील वैज्ञानिकांना आपल्या शोधांवर आधारित कंपन्यांमध्ये भागभांडवल धारण करण्याची मुभा २००९ मध्ये देण्यात आली, तर नवउद्योगांना साहाय्य करण्यासाठी २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषद स्थापन झाली. १९८२ मध्ये गिल्बर्ट यांना दोन पदांमधून एकाची निवड करावी लागली होती. तो प्रश्न आता भारतीय वैज्ञानिकांसमोरही आहे. त्यासाठीचे नियम मात्र आज लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत.

मूल्यमापन

गिल्बर्ट यांच्या उद्योगातील कारकिर्दीकडे दोन प्रकारे पाहिले जाते. कंपनीचे प्रमुख म्हणून त्यांची कारकीर्द तोट्यात संपली, हे नाकारता येत नाही. दुसरीकडे, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेली बायोजेन ही जगातील सर्वांत जुन्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांपैकी एक असून ती आजही कार्यरत आहे. एके काळी जनुकांच्या प्रयोगांना स्थगिती देणारे केंब्रिज शहर या उद्योगाचे जगातील एक मोठे केंद्र बनले आहे.

हार्वर्डमधून निवृत्त झाल्यानंतर गिल्बर्ट जोखीम भांडवलाच्या क्षेत्रात कार्यरत राहिले आणि त्याबरोबरच त्यांनी छायाचित्रणकलेला वाहून घेतले. त्यांच्या डिजिटल छायाचित्रांची प्रदर्शनेही भरली आहेत.

वॉल्टर गिल्बर्ट यांचा संक्षिप्त जीवनपट

१९३२ : बॉस्टन येथे जन्म
१९५७ : केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी.
१९६६ : बेन्नो म्युलर-हिल यांच्यासह रिप्रेसर वेगळा करण्यात यश
१९७७ : डीएनए क्रमवाचनाची रासायनिक पद्धत प्रसिद्ध
१९७८ : बायोजेनची स्थापना
१९८० : रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक
१९८२ : हार्वर्डच्या प्राध्यापकपदाचा राजीनामा
१९८४ : बायोजेनचे प्रमुखपद सोडले
१९८५ : हार्वर्डमध्ये पुनरागमन
१९९१ : मायरियाड जेनेटिक्सची स्थापना